डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार नुकसानभरपाईची) पॉलिसी: सात माणसांच्या वर्कशॉपला लागते का?

वेल्डिंगवाला_कुपवाड | ६ जानेवारी २०२६, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी एका वेल्डिंग सेटवर सुरू केलं. आज कायमची सात माणसं आहेत, काम वाढलं की वरून दोन-तीन जण घेतो.

एका कारखान्याची पत्र्याची शेड उभारायचं काम मिळतंय. उंची तीस फूट. त्यांच्या वर्क ऑर्डरमध्ये अट आहे की डब्ल्यूसी पॉलिसीची प्रत दिल्याशिवाय माणसांना गेट पास मिळणार नाही. चार ठिकाणी विचारलं, चार उत्तरं आली. अकाउंटंट म्हणतो, "दहाच्या आत आहात, तुम्हाला कायदाच लागू नाही." एक एजंट म्हणतो ग्रुप ॲक्सिडेंट काढा, स्वस्त पडते, दोन्ही एकच. दुसरा म्हणतो पगार आठ हजार दाखवा, प्रीमियम निम्म्यावर येईल. शेजारचा गाळेवाला म्हणतो, गेट पास मिळेपर्यंत घ्या, पुढच्या वर्षी सोडून द्या.

मागच्या महिन्यात आमचा हेल्पर शिडीवरून घसरला. कोपराला तीन टाके पडले, चौथ्या दिवशी कामावर आला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. शिडी आठ फुटांची होती, आता तीस फुटांचं काम आहे. नक्की काय करायला हवं, जाणकारांनी सांगा.

---

गोदाकाठ | ११:०२

दहाचा आकडा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) आहे. तुमचा अकाउंटंट दोन कायदे एकात मिसळतोय.

---

पिंपळपान | ११:१५

आमच्याकडे वीस वर्षं झाली, कधी पॉलिसी काढली नाही आणि काही झालं नाही. माणसं घरच्यासारखी आहेत, कुणाला लागलं तर आम्हीच दवाखान्यात नेतो आणि सगळा खर्च करतो.

---

मीरा_वकील | ७ जानेवारी, सकाळी ७:३०

वेल्डिंगवाला, तुमच्या झोपेशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ कायदा १९२३ चा, १ जुलै १९२४ पासून लागू झाला (आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय). आधी 'कामगार नुकसानभरपाई' म्हणायचे, २०१० पासून 'कर्मचारी नुकसानभरपाई'. माणूस कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक होती की नाही, हे विचारलंच जात नाही. कामगार सात आहेत की एक, यानेही फरक पडत नाही. बांधकाम, उंचीवरचं काम, यंत्रावरचं काम, सगळं त्यात येतं.

पॉलिसी काढलीच पाहिजे असं त्या कायद्यात कुठेही नाही. मात्र देणं तुमच्या डोक्यावर आहेच, पॉलिसी असो वा नसो. पॉलिसी असली तर विमा कंपनी भरते, नसली तर तुमचा गाळा, तुमची गाडी, तुमचं घर. सक्ती नाही म्हणून जबाबदारी नाही, असा अर्थ लोक काढतात आणि तिथेच बुडतात.

आता आकडे. मृत्यू झाला तर मासिक पगाराचे ५० टक्के गुणिले वयानुसार कायद्यात ठरवलेला गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के. हिशोबाला पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात (३ जानेवारी २०२० पासून, त्याआधी ८,००० होता). ३० वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. तुमचा वेल्डर तीस वर्षांचा असेल आणि पगार १८,००० असेल, तर १५,००० धरून ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५० रुपये. अंत्यविधीचा खर्च वेगळा, आणि झालेला दवाखान्याचा खर्चही वेगळा.

महिन्याभरात दिलं नाही तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

पिंपळपान, तुमच्या माणुसकीबद्दल मला शंका नाही. पण साडेपंधरा लाख दवाखान्याच्या काउंटरवर भरायचे नसतात, ते कामगार न्यायालयात जमा करायचे असतात.

---

पिंपळपान | ८:१०

साडेपंधरा लाख? मला वाटत होतं लाख-दीड लाखांत मिटतं.

---

मीरा_वकील | ८:२२

लाख-दीड लाख हा किमान आकडा आहे. मृत्यूला १,२०,००० आणि पूर्ण अपंगत्वाला १,४०,००० यापेक्षा कमी देता येत नाही. लोकांच्या लक्षात तेवढाच राहतो.

---

अवि_विमा | ९:४५

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे एजंट मंडळींच्या वतीने आधी माफी मागतो. असा सल्ला देणाऱ्यांमुळे आमचं नाव खराब होतं.

ग्रुप ॲक्सिडेंट आणि डब्ल्यूसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रुप ॲक्सिडेंटमध्ये ठरलेली रक्कम मिळते, समजा दोन लाख. ते त्या माणसासाठी चांगलंच आहे. पण त्याने तुमची कायद्यातली जबाबदारी संपत नाही. दोन लाख देऊन वरचे साडेतेरा लाख तुमच्याच अंगावर राहतात. डब्ल्यूसी पॉलिसी तुमची जबाबदारी उचलते, हिशोब जेवढा होईल तेवढा.

पगार कमी दाखवायचा मोह तर अजिबात नको. वर मीराताईंनी मांडलेला हिशोब ८,००० वर करून बघा: ४,००० × २०७.९८ = ८,३१,९२०. न्यायालय खरा पगार बघणार, विमा कंपनी तुम्ही लिहून दिलेल्या पगारावर बोट ठेवणार. मधले ७,२७,९३० कोण देणार? तुम्ही. प्रीमियममध्ये वाचलेल्या काही हजारांसाठी.

प्रस्ताव भरताना एवढं बघा:

कामाचं वर्णन खरं लिहा. 'फॅब्रिकेशन, वर्कशॉपमध्ये' असं लिहून माणूस तीस फुटांवर चढला तर वाद होतो. शेड उभारणी, उंचीवरचं काम, बाहेरच्या साइटवर, हे शब्द पॉलिसीत हवेत.

दवाखान्याच्या खर्चाचं कलम वेगळं जोडून घ्यावं लागतं आणि त्याला मर्यादा असते. ती वाचा.

वरून घेतलेली दोन-तीन माणसं कुणाकडून येतात? मुकादम आणत असेल तर ठेकेदाराच्या माणसांचं कलमही घ्या.

व्याज. बऱ्याच पॉलिसींत व्याज आणि दंड वगळलेले असतात. व्याज वगळलं असेल तर ते मालकानेच भरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलंय. दंड तर तुमचाच. म्हणून अपघात झाला की त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा.

---

खटपट्या | १०:३०

पॉलिसीत नावं नसतात, फक्त माणसांची संख्या आणि पगार असतो, बरोबर ना अविदादा? पण क्लेमच्या वेळी मस्टर (हजेरीपट) मागतात. आमच्या मस्टरवर 'छोटू', 'बडा छोटू' आणि 'छोटूचा भाऊ' अशी तीन नावं होती. विमा कंपनीचा सर्व्हेयर आला तेव्हा बडा छोटू कोण, हे सांगायला अख्खं वर्कशॉप गोळा झालं! नंतर बायकोने सगळ्यांचे आधार घेऊन मस्टर नव्याने लिहिलं, पगार बँकेत टाकायला लावले. बडा छोटूचं खरं नाव दिग्विजय निघालं.

---

अवि_विमा | १०:३८

अगदी बरोबर. आणि दिग्विजयचा क्लेम सुटतो, बडा छोटूचा अडकतो.

---

माणदेशी | १२:१५

माझं मत थोडं वेगळं आहे. आम्ही सेफ्टी बेल्ट देतो, हेल्मेट देतो. माणूस बेल्ट बांधत नाही, गरम होतंय म्हणून हेल्मेट काढून ठेवतो, कधी दारू पिऊन येतो. अशा वेळी मालकाने का भरायचं? शिस्त फक्त मालकानेच पाळायची का?

---

मीरा_वकील | १२:५०

माणदेशी, प्रश्न रास्त आहे आणि कायद्याने त्याचा विचार केलाय. दारूच्या नशेत असताना, मुद्दाम नियम मोडून किंवा मशीनचं गार्ड जाणूनबुजून काढल्यामुळे इजा झाली तर मालक सुटतो. फक्त एक अपवाद आहे: माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर हे बचाव चालत नाहीत. कारण तेव्हा भरपाई घेणारा तो नसतो. ती त्याची बायको असते, आणि बेल्ट न बांधण्याचा निर्णय तिने घेतलेला नसतो.

---

डॉक्टर_तासगाव | दुपारी २:०५

माणदेशी, अस्थिरोगाचा डॉक्टर म्हणून सांगतो. बेल्ट देणं आणि बेल्ट अडकवायला जागा देणं यात फरक आहे. पत्र्याच्या शेडवर चढलेला माणूस हुक कशाला लावणार? पत्र्याला? माझ्याकडे आलेल्या तिघांच्या कमरेला बेल्ट होता, हुक मोकळा लोंबत होता. वर आडवी लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायची वायर रोप, ओढलेलीच नव्हती. वेल्डिंगवाला, पॉलिसीच्या आधी त्या वायर रोपचे पैसे बाजूला काढा.

---

माणदेशी | २:४०

हे मान्य. आमच्याकडेही लाइफलाइन नाही. उद्याच बघतो.

---

वेल्डिंगवाला_कुपवाड | रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. एक प्रश्न राहिला. आमचं मुख्य काम प्रेस आणि कटरवर. बोट गेलं तर काय हिशोब?

---

मीरा_वकील | ९:३५

कायद्याला तक्ता जोडलाय. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, अंगठा ३०, एका हाताची चारही बोटं ५०. पंचवीस वर्षांच्या, १५,००० पगार धरलेल्या मुलाची तर्जनी गेली: ९,००० × २१६.९१ = १९,५२,१९०, त्याचे १४ टक्के म्हणजे २,७३,३०७.

पण तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नाही. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचा खटला आला होता. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्यात ते अंशतः अपंगत्व. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसापुरतं हे शंभर टक्के. त्याच निकालात हेही ठरलं की भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणं होते, निकालाच्या दिवसापासून नाही.

तात्पुरतं अपंगत्व असेल, म्हणजे प्लास्टर घालून घरी बसला, तर दर पंधरा दिवसांनी पगाराच्या २५ टक्के.

---

स्वराली_म | ८ जानेवारी, पहाटे १:२०

इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज राहवलं नाही.

माझा धाकटा भाऊ रंगकाम करायचा. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या बाहेर एका इमारतीच्या सहाव्या मजल्याची परांची सुटली. सत्तावीस वर्षांचा होता, मुलगी तेव्हा दीड वर्षाची. शवविच्छेदन व्हायचं होतं, आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. ठेकेदार आला, सोबत टाइप केलेला स्टॅम्प पेपर. साठ हजार रुपये वहिनीच्या हातात ठेवले आणि म्हणाला इथे सही करा, नाहीतर बॉडी मिळायला उशीर होईल. वहिनी हो म्हणाली की नाही तेसुद्धा मला आठवत नाही. तिने सही केली एवढं दिसतं. अंगठ्याला शाई पण लावली होती, ती दोन दिवस गेली नव्हती.

कागदावर लिहिलंय 'यापुढे कोणतीही तक्रार अगर मागणी नाही'. म्हणून आम्ही काही केलं नाही. सगळे म्हणाले सही केलीय, संपलं. वरचं वाचून विचारते, खरंच संपलं का?

---

मीरा_वकील | सकाळी ६:०५

स्वराली, संपलेलं नाही. नीट वाच.

हक्क सोडून देणारा असा कोणताही करार त्या कायद्याच्या कलम १७ नुसार रद्दबातल आहे. शिवाय मृत्यूची भरपाई वारसांच्या हातात देताच येत नाही, आयुक्ताकडे जमा करावी लागते, आपल्याकडे म्हणजे कामगार न्यायालयात. हातात दिलेले पैसे भरपाई धरलेच जात नाहीत. आगाऊ म्हणून जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वजा होईल, तेवढंच. ही तरतूद नेमकी अशा बाकांवर बसलेल्या बायकांसाठीच केलेली आहे.

ठेकेदार पळाला तरी बिल्डर बांधील आहे. कलम १२. ज्याच्या धंद्याचं काम चाललंय तो मुख्य मालक आधी देतो, मग ठेकेदाराकडून वसूल करतो.

पण मुदत दोन वर्षांची आहे. मार्च २०२६ च्या आत अर्ज गेला पाहिजे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण आपण तिथवर जायचंच नाही. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वहिनीचं आणि मुलीचं आधार, वयाचा पुरावा, त्याच्यासोबत काम करणाऱ्या एकाचा नंबर, आणि तो स्टॅम्प पेपर. तो फाडू नका, तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे. त्यानेच सिद्ध होतं की तो त्यांच्या कामावर होता. मला खाजगी निरोप पाठव. अर्ज मी लिहून देते, फी नको.

---

गोदाकाठ | ८:४०

स्वराली, आणखी एक. तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेला होता का? राज्याच्या मंडळाकडून नोंदणी असलेल्याच्या कामावरच्या मृत्यूला पाच लाख मिळतात. ते या भरपाईपेक्षा वेगळे. त्याचं मंडळाचं कार्ड वगैरे कुठे आहे का बघा. वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर नोंदणी होते, खूप जण करतच नाहीत.

---

स्वराली_म | ९:१५

कार्ड नव्हतं. करायचं करायचं म्हणत राहून गेलं. मीराताई, निरोप पाठवलाय. काय बोलू.

---

पिंपळपान | १०:००

मी परवा "काही झालं नाही" असं लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. आज एजंटला बोलावलंय.

---

हॅनोवरहून | दुपारी ३:३०

जर्मनीत हा विमा १८८४ च्या कायद्याने सक्तीचा झाला. पूर्ण हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून एक सेंटही कापत नाहीत. मी इथे एका कारखान्यात आहे. धंद्यानुसार संस्था असतात, त्यांचेच निरीक्षक येऊन मशीन बघतात, कारण अपघात झाला तर पैसे त्यांनाच द्यायचे असतात. घरून कामाला जाताना बर्फावर घसरलो तरी तो कामावरचाच अपघात. आपल्याकडे वाटेतल्या अपघाताचं काय?

---

मीरा_वकील | ४:१५

चांगला प्रश्न काढलात, आणि उत्तर आपल्या मराठवाड्यातूनच आलंय. एका साखर कारखान्याचा वॉचमन, पहाटे तीनची ड्यूटी. एप्रिल २००३ मध्ये मोटारसायकलवरून कामाला निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली होती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली: घर ते कामाची जागा या प्रवासाचा वेळ, जागा आणि परिस्थितीने कामाशी संबंध जुळत असेल तर तो कामावरचाच अपघात. कुटुंबाने बावीस वर्षं वाट पाहिली.

आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय. १९२३ चा कायदा तिच्या सातव्या प्रकरणात गेला. वाटेतला अपघात तिथे स्पष्ट लिहिलाय. ५० आणि ६० टक्क्यांचं सूत्र तसंच आहे. त्याआधीचे अपघात जुन्या कायद्याने चालतील, म्हणून स्वरालीला जुनी कलमं सांगितली.

---

श्री५६ | संध्याकाळी ६:२०

शेतीचं काय? आमच्या ट्रॅक्टरवर रोजंदारीचा ड्रायव्हर असतो. गोपीनाथ मुंडे योजनेत दोन लाख मिळतात असं ऐकलंय.

---

गोदाकाठ | ६:५५

काका, ते सानुग्रह अनुदान सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. तुमच्या ड्रायव्हरचं नाव सातबाऱ्यावर नाही. पण ट्रॅक्टरसारख्या यंत्रावर शेतीकाम करणारा माणूस भरपाई कायद्याच्या यादीत आहे, म्हणजे जबाबदारी तुमची. ट्रॅक्टरच्या विम्यात ड्रायव्हरची जोखीम धरली आहे का ते बघून घ्या. आणि त्याच्या बँक खात्यावर वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा सुरू करून द्या, अपघाती मृत्यूला दोन लाख. तो तुमच्या जबाबदारीऐवजी नाही, तिच्या वर आहे.

---

श्री५६ | ७:१०

उद्या त्याला घेऊनच बँकेत जातो.

---

अवि_विमा | ७:३०

धागा भरकटायच्या आत मूळ प्रश्नाचं राहिलेलं सांगतो. वेल्डिंगवाला, सात अधिक तीन म्हणजे दहा झाले की ईएसआयकडे बघावं लागेल. पगार २१,००० पर्यंत असलेले त्यात येतात, मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५. ज्याला ईएसआय लागू आहे त्याची भरपाई ईएसआयमधून होते, दोन्हीकडून मिळत नाही. पण २१,००० च्या वर पगार असलेला तुमचा मिस्त्री ईएसआयच्या बाहेर राहतो, त्याच्यासाठी डब्ल्यूसी लागेलच. हीच माणसं मध्ये अडकतात, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वर चढणारी.

---

वेल्डिंगवाला_कुपवाड | १९ जानेवारी, रात्री ११:०५

उशिरा लिहितोय, शेडचं काम सुरू झालंय.

पॉलिसी काढली. दहा माणसं, खरे पगार, उंचीवरचं काम आणि बाहेरची साइट लिहून, दवाखान्याच्या कलमासकट. मुकादमाच्या तिघांनाही घेतलं. प्रीमियम पहिल्या एजंटने सांगितल्यापेक्षा बराच जास्त आला, तो दरात धरला आणि कारखान्याच्या माणसाला तसं सांगितलं. त्याने कुरकुर केली पण मान्य केलं. ईएसआयच्या नोंदणीचं काम अकाउंटंटला दिलंय. डॉक्टरसाहेबांचं ऐकून १२ मिमीची वायर रोप आडवी ओढली आणि पहिल्या दिवशी मी स्वतः वर जाऊन हुक लावून बघितला. माझे पाय लटपटत होते. माणसं रोज तिथे उभी राहतात.

शनिवारी पगाराच्या वेळी सगळ्यांना बसवून पॉलिसी वाचून दाखवली. आमचे मिस्त्री वडिलांच्या वेळचे, छप्पन्न वर्षांचे. सगळं ऐकून म्हणाले, "मालक, कागद तुमच्या कपाटात. मी गेलो तर हिला कोण सांगणार?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा झेरॉक्स काढल्या. प्रत्येकीच्या मागे पॉलिसी नंबर, विमा कंपनीचा फोन, 'दोन वर्षांच्या आत कामगार न्यायालय' आणि 'कुठेही सही करू नका' असं मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं, मुकादमाच्या दोघांसाठी हिंदीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी न्यायला सांगितल्या. मिस्त्रींनी त्यांची रेशन कार्डाच्या डब्यात ठेवलीय म्हणे.

---

स्वराली_म | २० जानेवारी, सकाळी ७:५०

आमचा अर्ज काल दाखल झाला. बिल्डर पहिला, ठेकेदार दुसरा. वहिनी स्वतः आली होती, मुलीला कडेवर घेऊन. सही करायच्या आधी तिने मीराताईंना सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवायला लावला.